घरचे उटणे विकायला काढताना: पुण्यातील लघुउत्पादकांसाठी सौंदर्यप्रसाधन नियमांची वाट

घरच्यांसाठी केलेले उटणे आणि पाकिटात भरून विकलेले उटणे एकाच चाळणीतून निघाले असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दिवाळीच्या आधी महिनाभर पुण्यातील कितीतरी स्वयंपाकघरांत नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, आंबेहळद आणि गुलाबपाकळ्या दळल्या जातात, आणि त्यातली बरीच पाकिटे शेजारपाजारी, कार्यालयांत आणि प्रदर्शनांत विकली जातात. ती विकणाऱ्या बहुतेकींना वाटते की, यात रसायन नाही, सगळे वनस्पतींचे आहे, तेव्हा परवान्याचा प्रश्न कुठे येतो? मीही साबण करायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षे असेच समजत होते. नियमांत ‘नैसर्गिक’ किंवा ‘हाताने बनवलेले’ असा वेगळा वर्ग नाही. तुम्ही काय बनवता, त्याबद्दल काय सांगता आणि कुठे बनवता, या तीन गोष्टींवरून तुमच्यावर कोणता नियम आणि किती लागू होणार हे ठरते. त्यामुळे बाटल्या आणायला बोहरी आळीत जाण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत.

मूळ कायदा 1940 चा, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम. शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुशोभित करण्यासाठी, आकर्षक दिसण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी अंगावर चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची किंवा अन्य प्रकारे लावायची कोणतीही वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन, अशी त्याची व्याख्या आहे. साबण पूर्वी या व्याख्येतून वगळलेला होता. 1982 च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. ‘साबण कॉस्मेटिकमध्ये येत नाही’ असे जुन्या माणसांकडून अजूनही ऐकू येते, त्याचे मूळ बहुधा इथे असावे. 2020 पर्यंत प्रसाधनांचे तपशील औषधांच्या 1945 च्या नियमांतच मिसळलेले होते. डिसेंबर 2020 मध्ये सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 स्वतंत्रपणे लागू झाले आणि परवाना, जागा, लेबल, चाचणी हे सारे आता त्यांत वाचायला मिळते. महाराष्ट्रात परवाना देणारी यंत्रणा अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपण सगळे ज्याला एफडीए म्हणतो ती.

आणखी एक शब्द नीट समजून घ्यावा: उत्पादन. कायद्यात विक्री किंवा वितरणाच्या हेतूने केलेले तयार करणे तर उत्पादन आहेच, पण भरणे, पॅक करणे, लेबल लावणे आणि मोठ्या डब्यातून लहान डबीत काढणेही उत्पादनच आहे. तयार साबणाचा बेस वितळवून त्यात केशर आणि रंग घालून साच्यात ओतणारी मुलगी ‘मी फक्त मोल्डिंग करते’ असे म्हणते. कायद्याच्या भाषेत ती उत्पादक आहे. याउलट, परवानाधारकाने बनवून लेबल लावलेले प्रसाधन दुकानात ठेवून विकायला वेगळा विक्री परवाना लागत नाही. औषधांच्या दुकानाला लागतो तसा तो इथे नाही, आणि लहान माणसाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

आधी दावा ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान लेबलावरच्या एका ओळीने होते. ‘त्वचा स्वच्छ व मऊ ठेवते’ हे प्रसाधन आहे. ‘मुरुमे, खाज व बुरशीजन्य विकार बरे करते’ असे लिहिले की तीच वडी औषध ठरते, आणि औषधाला औषधाचा परवाना लागतो. आत नेमके तेच खोबरेल, तोच कडुनिंब असला तरी वाक्याने वस्तूची जात बदलते. केस गळणे थांबवते, कोड घालवते, वांग पुसून टाकते, ही सगळी वाक्ये त्याच वाटेची. शिवाय आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा 1954 चा कायदा आहे, आणि कोड त्या कायद्याच्या यादीतच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश आणि इन्स्टाग्रामवरची ओळ हीसुद्धा जाहिरातच आहे, हे विसरून चालत नाही. ग्राहकाने स्वतःहून ‘माझा इसब गेला’ असे लिहिले आणि तुम्ही ते पुढे पाठवले, तर तो दावा तुमचा होतो.

‘आयुर्वेदिक’ हा शब्द तर विशेष जपून वापरावा. आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना वेगळा आहे: अर्ज 24-डी या नमुन्यात आणि परवाना 25-डी या नमुन्यात, आणि त्याला जागेचे व स्वच्छतेचे स्वतःचे निकष आहेत. त्या नियमांत सौंदर्यप्रसाधक असा एक वर्गही मांडलेला आहे, त्यामुळे उटणे किंवा केशतेल त्या वाटेने नेता येते. पण साध्या प्रसाधनाच्या परवान्यावर बनवलेल्या तेलाच्या बाटलीवर ‘आयुर्वेदिक’ छापणे म्हणजे एका वाटेचे तिकीट काढून दुसऱ्या गाडीत बसण्यासारखे आहे. ‘पारंपरिक पद्धतीने’, ‘वनस्पतिजन्य घटकांसह’ असे शब्द वापरले तरी ग्राहकाला जे समजायचे ते समजते.

मग घटक पाहा, विशेषतः पाणी

निसर्गातले सगळे निरुपद्रवी असते हा समज आपल्याच परंपरेला धरून नाही. आपल्याकडच्या वैद्यांनी बावची शोधून दिली आणि ती कशी वापरायची हेही सांगितले. बावची या वनस्पतीच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते, आणि ते लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की जळल्यासारखे चट्टे उठू शकतात. लेप लावून सकाळी सिंहगड चढायला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगण्यात अर्थ नसतो. लिंबू आणि बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतून दाबून काढलेल्या सुगंधी तेलांचेही असेच आहे. दालचिनीच्या सालीचे तेल अगदी थोडे असले तरी नाजूक त्वचेला झोंबते. घटक वनस्पतीचा आहे की कारखान्याचा, यापेक्षा तो किती टक्के आहे आणि त्वचेवर राहणार आहे की धुतला जाणार आहे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

कोणते घटक वापरू नयेत किंवा मर्यादेत वापरावेत हे सांगणारे भारतीय मानक आयएस 4707 आहे. पहिल्या भागात रंग आणि दुसऱ्या भागात सुरक्षित न मानलेले पदार्थ. याखेरीज नियमांतच काही स्पष्ट मनाई आहे. रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिकची संयुगे वापरता येत नाहीत. पारा डोळ्यांच्या प्रसाधनात नकळत आलेला असला तरी दशलक्ष भागांत 70 भागांपलीकडे चालत नाही आणि इतर प्रसाधनांत 1 भागापलीकडे चालत नाही. घरगुती उत्पादकांसाठी याचा अर्थ सरळ आहे: कुंकू, शेंदूर आणि काजळ यांच्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नये. हळदीला चुन्याची किंवा पापडखाराची प्रक्रिया देऊन केलेले कुंकू निराळे आणि बाजारात किलोने मिळणारी लाल भुकटी निराळी. त्या भुकटीत काय आहे हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. सुट्या शेंदरात शिशाचे संयुग असणे ही ऐकीव गोष्ट नाही, पारंपरिक शेंदूर म्हणजेच शिशाचा ऑक्साइड.

आता पाण्याबद्दल. उटणे, मलम, तेल आणि साबण यांत मोकळे पाणी नसते किंवा जंतू टिकणार नाहीत अशा स्थितीत असते, म्हणून ते वाढणे कठीण जाते. क्रीम, लोशन, कोरफडीचा गर, गुलाबजल यांत पाणी असते, आणि जिथे पाणी तिथे बुरशी. सुरुवातीच्या काळात मी गच्चीतल्या कोरफडीचा ताजा गर, बदामतेल आणि मेण घोटून एक क्रीम केले होते. व्हिटॅमिन ई घातले की टिकते असे मला सांगण्यात आले होते, आणि जुलैच्या एका दुपारी शिल्लक डबी उघडली तेव्हा झाकणाच्या आतल्या कडेला काळ्या ठिपक्यांची गोल रांग होती. वरून क्रीम पांढरेशुभ्र दिसत होते, वासही आला नव्हता. त्या आठवड्यात तशा अकरा डब्या लोकांकडे गेल्या होत्या. सगळ्यांना फोन करून त्या परत मागवल्या. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून रोखते, जंतूंना नाही. हे मी रसायनशास्त्र शिकलेली असूनही मला डबीने शिकवले. पाणी असलेल्या प्रसाधनाला संरक्षक द्रव्य लागतेच. सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट वापरायचे तर मिश्रणाचा सामू (पीएच) साधारण 5 च्या आसपास किंवा खाली ठेवावा लागतो, नाहीतर ती द्रव्ये नावापुरती उरतात. ज्यांना ‘प्रिझर्व्हेटिव्ह-मुक्त’ हे शब्द छापायचेच आहेत, त्यांनी पाणी नसलेल्या वस्तू निवडाव्यात. हा माझा आग्रहच आहे.

पाणी वापरायचे झाले तर नळाचे नको. खडकवासल्याचे पाणी बरे असले तरी शहराच्या कडेला टँकर आणि बोअरच्या पाण्याचा जडपणा इतका असतो की साबणाचा फेस अडतो आणि लोशन फुटते. डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी घ्यावे आणि त्याची नोंद ठेवावी.

जागा: इथे बहुतेक जण अडतात

नियमांच्या सातव्या अनुसूचीत उत्पादनाच्या जागेबद्दलची अपेक्षा आहे. जागा स्वच्छ परिसरात, हवेशीर असावी. ती राहण्यासाठी वापरलेली नसावी आणि राहत्या भागाला आतून जोडलेली नसावी. भिंती 6 फुटांपर्यंत गुळगुळीत व पाणी न मुरणाऱ्या असाव्यात, जमीन धुता येईल अशी असावी. म्हणजे सदाशिव पेठेतल्या वाड्याचे माजघर किंवा कोथरूडच्या फ्लॅटचे स्वयंपाकघर या कामाला परवान्याच्या दृष्टीने चालत नाही, कितीही लख्ख असले तरी. वर्गानुसार किमान क्षेत्रफळाची शिफारसही आहे: क्रीम, लोशन, तेल यांसाठी 25 चौरस मीटर, आणि अंगाच्या साबणासाठी लघु प्रमाणावरही 100 चौरस मीटर. साठवणुकीची जागा याच्या बाहेर धरायची. एका कढईत दीड किलो साबण करणारी बाई हा आकडा वाचते तेव्हा तिला हसावे की रडावे कळत नाही. माझे मत विचाराल तर सुरक्षिततेचे नियम योग्य आहेत आणि क्षेत्रफळाचे गणित मात्र मोठी यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. लहान उत्पादन म्हणून परवान्यातून सूट नाही, हे धरूनच पुढची पावले टाकावी लागतात.

ती पावले तीन आहेत, आणि त्यांतली तिसरी मला सगळ्यात व्यवहार्य वाटते. पहिली, स्वतःचा गाळा घेऊन स्वतःचा परवाना. नऱ्हे, धायरी, पिरंगुट, भोसरी या भागांत लहान गाळे भाड्याने मिळतात. अर्ज सीओएस-5 या नमुन्यात करायचा आणि परवाना सीओएस-8 या नमुन्यात मिळतो. जागेचा नकाशा, ताब्याचा कागद, भागीदारी असल्यास करार, उत्पादनांची यादी आणि तांत्रिक व्यक्तीची कागदपत्रे जोडावी लागतात, आणि प्रशासनाचे अधिकारी येऊन जागा पाहतात. तांत्रिक व्यक्ती म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदविका असलेली, फार्मसी कायद्याखाली नोंदणीकृत, किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावीच्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण झालेली. तिच्या देखरेखीखालीच उत्पादन व्हायला हवे. अनेक घरांत ही अट पूर्ण करणारी मुलगी किंवा सून आधीपासूनच असते, पण कागद शोधायला कोणी कपाट उघडत नाही.

दुसरी वाट, दुसऱ्याच्या परवान्यावर बनवून घेणे. परवानाधारक कारखाना तुमच्या कृतीने बनवतो, लेबलावर उत्पादक म्हणून त्याचे नाव-पत्ता-परवाना क्रमांक येतो आणि विपणन करणारे म्हणून तुमचे. वर सांगितल्याप्रमाणे विक्रीला वेगळा परवाना लागत नसल्याने हे जमते. अडचण एवढीच की कारखाने शंभर वड्यांची ऑर्डर घेत नाहीत, आणि हाताने केल्याची गोष्ट मग तुम्हाला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

तिसरी वाट, लोन लायसन्स. कर्जाशी त्याचा संबंध नाही. स्वतःची जागा व यंत्रे नसलेल्या माणसाने परवानाधारकाच्या जागेत, त्याची क्षमता शिल्लक असेल तेव्हा, स्वतः उत्पादन करणे असा त्याचा अर्थ आहे. अर्ज सीओएस-6, परवाना सीओएस-9. चार-पाच जणींनी किंवा एखाद्या बचत गटाने मिळून एक गाळा नियमाप्रमाणे उभा करावा, एकीने मूळ परवाना घ्यावा आणि इतरांनी त्यावर लोन लायसन्स घ्यावे, ही रचना कायद्यात बसते आणि भाडे वाटले जाते. मात्र वारांचे वेळापत्रक, कोणाचा माल कुठे ठेवायचा आणि तक्रार आल्यास कोण उत्तर देणार, हे पहिल्या दिवशी लेखी ठरवावे. मैत्रिणी कायदा मोडल्यामुळे तुटत नाहीत, कपाटाच्या किल्लीवरून तुटतात.

परवाना मिळाल्यावर तो चालू ठेवण्यासाठी दर 5 वर्षांनी शुल्क भरायचे असते. ती तारीख विसरू नये.

वही

नोंदवहीचा कंटाळा सगळ्यांना येतो. प्रत्येक बॅचचे घटक, वजन, तारीख आणि चाचणीचा निकाल लिहून किमान 3 वर्षे जपावा लागतो. माझ्या वहीतले साबणाच्या एका बॅचचे पान असे आहे: खोबरेल 600 ग्रॅम, शेंगदाणा तेल 300 ग्रॅम, एरंडेल 100 ग्रॅम. खोबरेलाच्या प्रत्येक ग्रॅमला 0.183 ग्रॅम, शेंगदाण्याला 0.137 आणि एरंडेलाला 0.128 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, म्हणून एकूण 163.7 ग्रॅम, पाच टक्के तेल मोकळे राहावे म्हणून कमी करून 155.5 ग्रॅम. खाली सोड्याच्या पुड्याचा क्रमांक आणि शुद्धता, पाणी 300 ग्रॅम, ओतल्याची तारीख, वड्या कापल्याची तारीख, आणि सुकवल्यानंतरचा सामू. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. हेही पानाच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलेले आहे, कारण गाळ्यात काम करणारी प्रत्येक बाई पाने पहिल्यापासून वाचत नाही. या पानामुळे ग्राहकाची तक्रार आली तर ती वडी कोणत्या तेलाची होती हे दहा मिनिटांत सांगता येते.

कच्चा माल आणि तयार बॅच यांची चाचणी स्वतःच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते. पुण्यात एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळा आहेत. जड धातू आणि जंतुसंख्या या दोन चाचण्यांवर खर्च करताना हात आखडू नये. प्राण्यांवर चाचणी मात्र 2014 पासून भारतात बंद आहे, त्यामुळे ‘प्राण्यांवर चाचणी न केलेले’ हे लेबलावर शौर्य म्हणून मिरवण्यात फारसे काही उरलेले नाही.

लेबल

लेबलावर प्रसाधनाचे नाव, उत्पादकाचे नाव व उत्पादनाच्या जागेचा पूर्ण पत्ता, वापरण्याची शेवटची तारीख, आवश्यक तिथे सुरक्षित वापराची सूचना, ‘बी’ अक्षरामागे बॅच क्रमांक आणि ‘एम’ अक्षरामागे परवाना क्रमांक हवा. साबणावर बॅच क्रमांकाऐवजी उत्पादनाचा महिना व वर्ष चालते. घटकांची यादी एक टक्क्याहून जास्त असलेल्यांसाठी उतरत्या क्रमाने, बाकीची कोणत्याही क्रमाने. 60 मिलिलिटरपेक्षा लहान द्रवांना आणि 30 ग्रॅमपेक्षा लहान घन किंवा अर्धघन पॅकना घटकयादीतून सूट आहे, पण ती घेऊ नये असे मी सुचवीन. ज्याला बदामाची किंवा तिळाची अ‍ॅलर्जी आहे त्याला पॅकच्या आकाराशी देणेघेणे नसते.

दुसरा कायदा वैध मापनाचा. 2011 च्या पॅकबंद वस्तू नियमांनुसार निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापावा लागतो, आणि ही माहिती हिंदी किंवा इंग्रजीत असायला हवी. मराठी त्याच्या जोडीला हवी तितकी छापा, पण फक्त मराठी पुरत नाही. मराठी अभिमानाने लेबल काढलेल्या माझ्या एका मैत्रिणीने हे कळल्यावर दोन हजार स्टिकर कचऱ्यात टाकले. साबणवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: चार ते सहा आठवडे सुकताना वडीतले पाणी उडून जाते, म्हणून 100 ग्रॅम छापायचे असेल तर कापताना 115 ग्रॅमच्या आसपास ठेवावी आणि वजन गुंडाळण्याच्या दिवशी करावे.

परदेशी मागणी आली तर हे सगळे पुरे पडत नाही. युरोपीय संघात 2013 पासून पूर्ण लागू असलेल्या 1223/2009 या नियमानुसार प्रत्येक प्रसाधनाचा पात्र तज्ज्ञाने केलेला सुरक्षा अहवाल, तिथे राहणारी जबाबदार व्यक्ती आणि बाजारात आणण्यापूर्वीची नोंद लागते. हाताने केलेल्या वस्तूलाही ते चुकत नाही. भाचीच्या सुटकेसमधून भेट म्हणून चार वड्या जाणे वेगळे, आणि तिने तिथे त्या विकणे वेगळे.

प्रदर्शनाला निघताना

भीमथडी जत्रेत किंवा म्हात्रे पुलाजवळच्या लॉनवर स्टॉल लावायचा असेल, तर एका प्लास्टिक फोल्डरमध्ये परवान्याची प्रत, लोन लायसन्स असल्यास त्याची प्रत, चाचणी अहवाल आणि चालू बॅचच्या पानांच्या छायाप्रती ठेवाव्यात. चाखून पाहण्यासारखे ‘लावून पाहा’ म्हणून उघडी डबी ठेवायची झाल्यास लाकडी चमचा ठेवावा, बोटे नकोत. आणि प्रत्येक बॅचच्या दोन वड्या, दोन बाटल्या किंवा दोन पाकिटे विकायला न काढता, बॅच क्रमांक लावून, शेवटच्या तारखेपर्यंत कोरड्या कपाटात जपून ठेवाव्यात. माझ्याकडे त्या कपाटाच्या वरच्या फळीवर अजूनही एक रिकामी डबी आहे, झाकणाच्या कडेला काळ्या ठिपक्यांची रांग असलेली.